चार ट्रॅकमध्ये संपूर्ण गाणे : १९६७ च्या पद्धतीने घरच्या घरी मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रण

रॉक संगीतातील ज्या ध्वनिमुद्रणांकडे आजही आदर्श म्हणून पाहिले जाते, त्यांपैकी कित्येक केवळ चार ट्रॅकवर, म्हणजे टेपवरील चार स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांवर, झालेली आहेत. पुढे अ‍ॅबी रोड या नावाने ओळखल्या गेलेल्या लंडनच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्सनी ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ हा १९६७ चा अल्बम मुद्रित केला, तेव्हा त्यांच्या हाताशी स्टुडर कंपनीचे जे-३७ हे यंत्र होते आणि त्याच्या एक इंच रुंदीच्या टेपवर चारच ट्रॅक मावत असत. वाद्यवृंद, पियानो, गिटार, ड्रम, तीन-तीन गायकांचे आवाज हे सारे त्या चार पट्ट्यांत बसवलेले आहे.

आज साध्या संगणकावरही शंभर ट्रॅक सहज उघडता येतात, आणि म्हणूनच कोणती गिटार ठेवायची, आवाजाला किती प्रतिध्वनी द्यायचा, ऑर्गन हवा की नको, हे प्रश्न शेवटच्या मिक्सपर्यंत तसेच लोंबकळत राहतात. त्या काळच्या गाण्यांतील जो घट्टपणा आपल्याला ओढून घेतो, तो यंत्रांच्या जुनेपणापेक्षा लवकर घेतलेल्या आणि परत न फिरवता येणाऱ्या निर्णयांतून आला, असे माझे ठाम मत आहे. घरातील संगणक, चार इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्ये संगणकाला जोडणारे यंत्र), तीन माइक आणि बंदिस्त हेडफोन एवढ्या साहित्यावर ती पद्धत कशी राबवावी, याचे टप्पे पुढे दिले आहेत. सॉफ्टवेअर कोणतेही चालेल. फक्त त्यात एका वेळी चारच मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचे, ट्रॅक उघडायचे, हा नियम शेवटपर्यंत पाळावा.

आधी वेळेचा मेळ

मल्टिट्रॅकचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे: आधी मुद्रित झालेले ऐकत असताना त्याच्या अचूक तालात नवे मुद्रित करता आले पाहिजे. टेपच्या यंत्रात मुद्रण करणारे हेड आधी आणि ऐकवणारे हेड नंतर असे. टेप सेकंदाला ३८ सेंटीमीटर वेगाने धावत असेल आणि दोन हेडमध्ये, उदाहरणादाखल, ४ सेंटीमीटर अंतर धरले, तर वादकाला जुना ट्रॅक सुमारे १०५ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो आणि त्याचे नवे वादन तेवढेच मागे पडते. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल १९४० च्या दशकापासून एकावर एक थर चढवून ध्वनिमुद्रण करत होते. त्यांच्याकडे १९५७ मध्ये आलेल्या अ‍ॅम्पेक्सच्या आठ ट्रॅकच्या यंत्रात ही अडचण ‘सेल-सिंक’ पद्धतीने सुटली: मुद्रण करणारे हेडच तात्पुरते ऐकवण्यासाठी वापरायचे, म्हणजे अंतराचा प्रश्नच उरत नाही. अशा वेळी आवाजातील तीक्ष्णता कमी होत असे, पण तो केवळ वादकाच्या हेडफोनपुरता असल्याने चालून जाई.

संगणकावर हीच अडचण लेटन्सीच्या, म्हणजे ध्वनी आत जाऊन बाहेर येण्यातील विलंबाच्या, रूपाने येते. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो ध्वनीचा तुकडा) म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद होतात, आणि त्यात इंटरफेसचा स्वतःचा विलंब मिळतो. सॉफ्टवेअर हा विलंब आपोआप भरून काढते असे मानले जाते, पण त्यावर विसंबू नये. इंटरफेसचे एक आउटपुट वायरने त्याच्याच इनपुटला जोडावे, एका ट्रॅकवरून टकटक आवाज सोडून तो दुसऱ्या ट्रॅकवर मुद्रित करावा आणि दोन्ही लहरी मोठ्या करून पाहाव्यात. दुसरी लहर मागे असेल तर तेवढे सॅम्पल सेटिंगमध्ये भरून काढावेत. दर वेळी थोडे थोडे मागे पडणारे चार थर एकत्र आले की ठेका सैल वाटतो आणि दोष विनाकारण वादकांच्या माथी येतो.

मुद्रण २४ बिटवर करावे आणि सर्वांत मोठा आवाज उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील एवढीच पातळी ठेवावी. खोलीतील पंखा बंद असावा. गिटारच्या पिकअपमध्ये वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण येत असल्यास वादकाने संगणकापासून दूर जाऊन, जागच्या जागी वळत वळत ती सर्वांत कमी होणारी दिशा शोधावी.

कागदावरचा आराखडा

माइक लावण्याआधी एक कोरा कागद घ्यावा. सगळ्या प्रक्रियेत मला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो, आणि घाईत नेमका हाच वगळला जातो.

चार ट्रॅक भरले की त्यांचे मिश्रण करून ते दुसऱ्या टेपच्या एका किंवा दोन ट्रॅकवर उतरवायचे, म्हणजे उरलेले ट्रॅक नव्या थरांसाठी मोकळे होतात. ईएमआयमध्ये याला रिडक्शन म्हणत. आपल्याकडील ध्वनिमुद्रक आज बाउन्स करणे म्हणतात. टेपवर प्रत्येक रिडक्शनची किंमत मोजावी लागे. सारख्याच पातळीच्या चार ट्रॅकची खरखर एकत्र आली की ती एका ट्रॅकच्या तुलनेत ६ डेसिबलने वाढते, आणि प्रत नवी होताना झांजा, खंजिरी, शब्दांतील ‘स’ आणि ‘श’ यांची धारही बोथट होते. संगणकावर यातले काही घडत नाही. मिसळलेली वाद्ये पुन्हा वेगळी करता येत नाहीत ही अट मात्र आपण स्वतःवर लादून घ्यायची आहे, कारण या पद्धतीचा खरा गुण त्या अटीतच आहे.

ड्रम, बास, ऱ्हिदम गिटार, ऑर्गन, खंजिरी, मुख्य गायक, साथीचे आवाज आणि लीड गिटार असे गाणे आहे, असे समजू. चार ट्रॅकच्या एका प्रकल्पाला आपण रील म्हणू. पहिल्या रीलवर १ क्रमांकाला ड्रम, २ ला ऱ्हिदम गिटार, ३ ला ऑर्गन आणि ४ ला खंजिरी असा क्रम लिहावा. रिडक्शननंतर दुसऱ्या रीलवर १ ला हे सर्व मिळून एक, २ ला बास, ३ ला मुख्य गायन आणि ४ ला साथीचे आवाज ठेवावेत. लीड गिटारही ४ क्रमांकावरच, पण जिथे साथीचे आवाज नाहीत अशा जागी. म्हणजे एकाच ट्रॅकवर दोन गोष्टी नांदतात आणि त्यासाठी कोण कधी गप्प राहणार हे गाणे मुद्रित होण्याआधी ठरवावे लागते. ही वाटणी म्हणजेच गाण्याची रचना होय. ध्रुवपदात गिटार आणि साथीचे आवाज एकमेकांवर चढत असतील तर आराखड्याच्या कागदावरच ते उघडे पडते.

प्रत्येक कडव्याच्या मात्रा आणि आवर्तने मोजून लिहावीत, आणि रिकामी जागा सोडायची असेल तर तीही मोजावी. सार्जंट पेपरमधील ‘अ डे इन द लाइफ’ या गाण्याचे मुद्रण १९ जानेवारी १९६७ रोजी सुरू झाले, तेव्हा मधल्या २४ बारमध्ये (तालाच्या आवर्तनांत) काय भरायचे हे ठरलेले नव्हते. म्हणून बँडचे मदतनीस मॅल एव्हन्स यांनी ते बार मोठ्याने मोजले आणि शेवटी गजराचे घड्याळ वाजवले. ती मोजणी टेपवर होती म्हणूनच १० फेब्रुवारी रोजी ४० वादकांचा वृंद त्या जागेत बसवता आला. आपणही सुरुवातीचे दोन बार आणि प्रत्येक विरामाची मोजणी मुद्रित करून ठेवावी. नंतर येणाऱ्या वादकाला तोच आधार असतो.

पहिले रील : ड्रम आणि साथ

ड्रमला एकच मोनो ट्रॅक मिळणार आहे, म्हणून तीन माइक पुरतात. ग्लिन जॉन्स या इंग्रज ध्वनिमुद्रकाची पद्धत येथे सर्वांत उपयोगी पडते. लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमचे मुद्रण त्यांनी १९६८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत केले होते. पहिला माइक स्नेअरच्या (समोरच्या, कडकडीत वाजणाऱ्या ड्रमच्या) वर साधारण १ मीटर उंचीवर ठेवावा. दुसरा माइक ड्रमवादकाच्या उजव्या हाताला, फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमच्या) काठापेक्षा थोडा वर, हाय-हॅटकडे (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीकडे) तोंड करून ठेवावा. दोन्ही माइकचे स्नेअरच्या मध्यापासूनचे अंतर अगदी सारखे हवे, आणि ते डोळ्यांनी न ठरवता दोरीने मोजावे. ध्वनी १ मीटर अंतर सुमारे ३ मिलिसेकंदांत कापतो, त्यामुळे वीतभर फरकानेही दोन लहरी एकमेकींना काही ठिकाणी खोडून काढतात आणि स्नेअर पोकळ वाजू लागतो. तिसरा माइक बास ड्रमसमोर ठेवावा.

मग तिन्ही माइक एकत्र ऐकत बास ड्रमच्या माइकची पोलॅरिटी, म्हणजे लहरीची वर-खाली दिशा, उलट करून पाहावी. दोहोंपैकी ज्या स्थितीत खालचा घुमारा भरदार होतो तीच कायम करावी. ही चाचणी मिसळण्याआधीच झाली पाहिजे, कारण एकदा मोनो झाल्यावर ती करता येत नाही.

बास ड्रमचा ठोका आखूड आणि घट्ट हवा असेल तर आत जाड कापड कोंबावे. १९६६ मध्ये ईएमआयचे ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टारच्या बास ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर भरला आणि कंपनीच्या नियमांत न बसणाऱ्या इतक्या जवळ माइक आणला. त्यानंतर तो आवाज फेअरचाइल्ड ६६० या कॉम्प्रेसरमधून (मोठ्या-लहान आवाजातील फरक कमी करणाऱ्या यंत्रातून) दाबून घेतला. घरी एखादी जुनी गोधडी हेच काम करते. याच्या अगदी उलट परिणाम हवा असेल तर लेड झेपेलिनच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’चे उदाहरण घ्यावे. हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या उंच दालनात ड्रमवादक जॉन बॉनम यांचे ड्रम मांडले होते, आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी बायरडायनॅमिक एम-१६० जातीचे दोन माइक वर जिन्यात लावले. मोठा जिना किंवा रिकामे सभागृह मिळत असेल तर हा प्रयोग जरूर करावा. मात्र खोलीचा घुमारा एकदा ट्रॅकवर उतरला की तो काढता येत नाही, म्हणून गाण्याची लय संथ असेल तरच तो स्वीकारावा, असे मी सुचवेन.

कॉम्प्रेशन, इक्वलायझर (जाड-बारीक स्वर कमीजास्त करणारी सोय) आणि प्रतिध्वनी मुद्रण करतानाच लावून ट्रॅकवर उतरवावेत. सुरुवातीला याची भीती वाटते. ध्वनी ऐकून पटला असेल तर ती बाजूला ठेवावी.

शक्य असेल तर ड्रम आणि ऱ्हिदम गिटार एकत्र वाजवून घ्यावेत. त्या वेळी गायकाने हेडफोनमध्ये ऐकू जाईल असे गावे, पण ते मुद्रित करू नये, किंवा ४ क्रमांकावर तात्पुरते घेऊन नंतर त्यावर खंजिरी मुद्रित करावी. एकट्यानेच सगळी वाद्ये वाजवणार असाल तर क्लिक, म्हणजे हेडफोनमधील लयीची टकटक, वापरणे भाग आहे. दोन माणसे असतील तर मी क्लिक टाळण्याच्या बाजूचा आहे, कारण ध्रुवपदाकडे जाताना लय किंचित पुढे सरकणे हा या संगीताचा प्राण आहे.

रिडक्शन

दुसरा प्रकल्प नव्या नावाने उघडावा आणि त्यात पुन्हा चारच ट्रॅक ठेवावेत. पहिल्या रीलचे चार फेडर, म्हणजे पातळी कमीजास्त करणाऱ्या सरकपट्ट्या, हाताशी घेऊन गाणे अथपासून इतिपर्यंत वाजू द्यावे आणि मिश्रण प्रत्यक्ष वेळेत करावे. ऑटोमेशनच्या (सॉफ्टवेअरने आपोआप पातळी बदलावी यासाठीच्या) रेषा ओढत बसू नये. ध्रुवपदात ऑर्गन वर यायला हवा असेल तर तो हातानेच वर आणावा.

हे मिश्रण करताना फसगत होते ती एका कारणाने: बास आणि गायन अजून आलेले नसते, म्हणून समोरच्या चार वाद्यांनीच सगळी जागा भरून काढण्याचा मोह होतो. ऑर्गनचा डावा हात आणि गिटारच्या जाड तारा यांतील सुमारे १५० हर्ट्झच्या खालचा भाग येथेच कमी करावा, कारण ती जागा बासची आहे. ऑर्गनच्या मधल्या पट्टीत गायकाचा आवाज यायचा आहे, म्हणून मिश्रण करताना स्वतः गाणे गुणगुणावे, किंवा कोणाला तरी खोलीत उभे राहून गायला सांगावे. आवाज बारीक ठेवून, एकाच स्पीकरवर ऐकावे. खंजिरी आपल्याला वाटते त्याहून एक पायरी खाली ठेवावी. टेपवर तिची धार पुढच्या प्रतींत बोथट होई, संगणकावर ती शेवटपर्यंत तशीच टोचत राहते.

एकाच प्रयत्नावर समाधान मानू नये. ईएमआयमध्येही रिडक्शनचे अनेक प्रयत्न होत आणि प्रत्येकाला टेकचा पुढचा क्रमांक मिळे. तीन प्रयत्न करावेत, ते दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी ऐकावेत, एक निवडावा आणि पहिले रील बंद करावे.

चार ट्रॅकही पुरले नाहीत तेव्हा अ‍ॅबी रोडमध्ये काय केले गेले, हेही येथे सांगण्यासारखे आहे. ‘अ डे इन द लाइफ’चा वाद्यवृंद दुसऱ्या यंत्राच्या चारही ट्रॅकवर चार वेळा मुद्रित करण्यात आला, म्हणजे ४० वादकांचे १६० झाले. तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी पहिल्या यंत्रावर मुद्रित केलेल्या ५० हर्ट्झच्या स्वराने दुसऱ्या यंत्राची मोटर चालवली, जेणेकरून दोघांचा वेग एक राहावा. दोन्ही यंत्रे एकाच क्षणी सुरू करणे मात्र माणसाच्या हाती होते.

बास उशिरा का

सार्जंट पेपरच्या काळात बीटल्सचे बासवादक पॉल मॅकार्टनी पुष्कळदा बास सर्वांत शेवटी, स्वतंत्र ट्रॅकवर मुद्रित करत असत. याचे दोन फायदे आहेत. बास कोणत्याही रिडक्शनमधून जात नाही, म्हणून तो स्वच्छ राहतो. आणि बाकीची साथ समोर असल्यामुळे वादकाला षड्जावर ठाण मांडून बसण्याऐवजी गाण्याच्या चालीला उत्तर देणारी दुसरी चाल रचता येते. बासची वायर थेट इंटरफेसला जोडावी, नव्या तारा असतील तर उत्तम, आणि वादकाला गायनाची चाल ऐकवत ठेवावी.

आवाजाचे थर

मुख्य गायन ३ क्रमांकावर घ्यावे. मराठी गाणे असेल तर ‘फ’, ‘भ’, ‘ध’ यांच्या श्वासाचा झोत माइकवर आदळतो. म्हणून माइक ओठांच्या रेषेपेक्षा चार बोटे वर, किंचित खाली झुकवून लावावा.

आवाज भरदार करण्याचा जुना उपाय म्हणजे तेच गाणे पुन्हा तसेच गाऊन दुप्पट करणे. दुसऱ्या वेळी गाताना शब्दांच्या शेवटची व्यंजने मुद्दाम मऊ सोडावीत, नाहीतर ‘त’ आणि ‘ट’ दोनदा ऐकू येतात. बीटल्सचे गायक जॉन लेनन यांना हे पुन्हा गाणे कंटाळवाणे वाटे, आणि त्यावर उपाय म्हणून १९६६ मध्ये केन टाउनसेंड यांनी एडीटी (आर्टिफिशियल डबल ट्रॅकिंग, म्हणजे कृत्रिम दुप्पट गायन) ही पद्धत शोधली. तीत गायनाचा ध्वनी दुसऱ्या यंत्रातून फिरवून, त्या यंत्राचा वेग हाताने किंचित कमीजास्त करत, मूळ गायनाच्या अगदी जवळ आणून ठेवला जाई. आज गायनाची प्रत २५ ते ४० मिलिसेकंद मागे सरकवावी आणि तो विलंब दोन-तीन मिलिसेकंदांनी सावकाश हलता ठेवावा. स्थिर विलंब कृत्रिम वाटतो.

साथीच्या आवाजांसाठी तीन गायक एकाच माइकभोवती उभे राहिले तर थेट ४ क्रमांकावर एका दमात काम होते, आणि तोल साधण्यासाठी फक्त कोणी पुढे आणि कोणी मागे उभे राहायचे हे ठरवावे लागते. एकट्याने गायचे असल्यास तिसरे, पूरक रील उघडावे: १ वर साथ, उरलेल्या तिन्हींवर एकच ओळ तीनदा गावी, ती एकत्र करावी आणि मग वरच्या स्वरातील ओळ त्याच रीतीने घ्यावी. क्वीनच्या ‘बोहेमियन रॅप्सडी’ या १९७५ च्या गाण्यात २४ ट्रॅक असूनही मर्क्युरी, मे आणि टेलर हे तिघे एकेक स्वर मिळून गात, ते थर एकत्र करत आणि पुढच्या स्वराकडे वळत. टेप इतक्या वेळा हेडवरून गेली की तिच्यावरील लेप विरळ होऊन ती आरपार दिसू लागली. त्यातील फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीत झाले आणि तेथील शाळेच्या बँडमध्ये ते पियानो वाजवत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. १९७५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका गाण्यासाठी इंग्लंडमधील स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत टेन-सीसी या गटाने तीन गायकांकडून प्रत्येक स्वर १६ वेळा गाऊन घेतला. प्रत्येक स्वराला ४८ आवाज मिळाले, त्यांच्या टेपच्या वर्तुळाकार पट्ट्या केल्या आणि मिक्सिंग डेस्कचे फेडर वाद्याच्या पट्ट्यांसारखे वापरून ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ची स्वरसंगती वाजवली. घरी करायचे तर पाच स्वर आणि प्रत्येकी सहा आवाज एवढेही पुष्कळ आहे.

वेग बदलून मुद्रण

टेपचा वेग सुमारे ५.९ टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो. म्हणून साथ ९४.४ टक्के वेगाने वाजवून, उतरलेल्या पट्टीत गावे आणि नंतर मूळ वेगाला परत यावे. आवाज अर्धा स्वर चढतो आणि कोवळा होतो. ‘व्हेन आय ॲम सिक्स्टी-फोर’मधील मॅकार्टनी यांचा आवाज असाच वेग वाढवून तरुण केलेला आहे. सॉफ्टवेअरमधील सूर कायम राखण्याची सोय बंद केल्याशिवाय हा परिणाम मिळत नाही.

अंतिम मिश्रण

आता चारच फेडर उरलेले असतात आणि बहुतेक निर्णय झालेले असतात. आधी मोनो मिश्रण करावे. सार्जंट पेपरच्या वेळी बँडचे लक्ष आणि वेळ मोनोवरच खर्च झाला होता, आणि तीच शिस्त आजही कामी येते, कारण मोनोमध्ये दोन वाद्ये एकमेकांना झाकत असतील तर ती डावी-उजवीकडे ढकलून तो दोष लपवता येत नाही. त्यानंतर स्टिरिओ करायचे झाल्यास साथ एका बाजूला थोडी, साथीचे आवाज दुसऱ्या बाजूला, बास आणि गायन मध्यभागी ठेवावे. प्रतिध्वनीसाठी एकच प्लेट रिव्हर्ब (धातूच्या पत्र्याच्या कंपनासारखा घुमारा) पुरतो.

सर्व काम संपल्यावर प्रत्येक रील स्वतंत्र फोल्डरमध्ये, चारही ट्रॅक गाण्याच्या शून्य क्षणापासून सुरू होतील अशा वेव्ह फाइलच्या रूपात काढून ठेवावे, आणि आराखड्याच्या कागदाचे छायाचित्र त्यासोबत जोडावे. २०१७ मध्ये निर्माते जाइल्स मार्टिन यांना सार्जंट पेपरचे नवे स्टिरिओ मिश्रण करता आले, कारण रिडक्शनच्या आधीच्या मूळ टेप ईएमआयने जपून ठेवल्या होत्या. आपली पहिली रीलही दुसऱ्या डिस्कवर ठेवावीत, त्यांवर गाण्याचे नाव, तारीख, टेकचा क्रमांक आणि लय लिहावी, आणि चालू गाणे पूर्ण होईपर्यंत ती उघडू नयेत.